सीटचं भोक आणि माझी पत्रं

चहा घ्या आधी, पण जरा जपून. मी जे सांगणार आहे ते ऐकताना तुम्ही हसणार, आणि हसताना चहा अंगावर सांडला तर ते पाप माझ्या माथी नको. आधीच माझ्या माथी पुष्कळ आहे.

गाढवपणा सगळेच करतात हो. पण मी केला तो लेखी केला. सहीनिशी, तारीख घालून, आणि वर त्याची एक प्रत स्वतःच्या फायलीत लावून ठेवली. आणि त्या गाढवपणापायी चोपडे गावच्या एका सरळ माणसाचं काम सुटलं. या गोष्टीत हसण्यासारखं बरंच आहे, तेवढं मात्र नाही, म्हणून ते आधीच सांगून टाकतो.

मी गोव्यात, पाळी गावच्या एका खाण कंपनीच्या कचेरीत होतो. कारकून म्हणून लागलो आणि हेडक्लार्क म्हणून बाहेर पडलो. मधल्या सगळ्या वर्षांत माझं काम एकच, पत्रं लिहिणं. ट्रकवाल्याने खेप चुकवली, भाऊ, पत्र काढा. कामगार न सांगता चार दिवस गावी राहिला, भाऊ, पत्र काढा. ‘कारणे दाखवा’ हा तर माझा हातखंडा. साहेब म्हणायचे, भाऊच्या पत्राला उत्तर देण्यापेक्षा माणूस चूक कबूल करून मोकळा होतो. मला त्याचा केवढा अभिमान! पत्र गेलं की मी डबा उघडायचो. ते ज्याच्या हातात पडायचं त्याचं तोंड मी कधी बघितलं नाही.

निवृत्त झालो तरी हाताची खोड जाते का? मग वीज खात्याला पत्र, पंचायतीला पत्र, डिचोलीच्या फर्निचरवाल्याला पत्र, देवस्थानच्या कमिटीला तर चार. बायको सावंतवाडीकडची, बोलायला एकदम रोखठोक. ती म्हणते, “ह्यांका जेवणात मीठ कमी पडला तरी माका पत्र येतला.”

तर गाडी. डिचोलीजवळ सर्वणला आमचं घर, आणि घरापासून थोड्या अंतरावर वडिलांनी लावलेलं कुळागर. माड आहेत, पोफळी आहेत, चार मिरवेली. रोज सकाळी तिथे एक फेरी मारल्याशिवाय मला चहा गोड लागत नाही. आधी सायकलने जायचो, मग स्कूटरने. गुडघे बोलायला लागले तेव्हा मुलाने हट्ट धरला आणि गाडी घेतली. आयुष्यातली पहिली गाडी, तीही कोरी.

आता कुळागरात जाताना माझा अवतार ठरलेला. खाकी हाफ चड्डी, बटणं गेलेला शर्ट, डोक्याला पंचा, कमरेला कोयत्याची आकडी. पण गाडीला मी किती जपायचो ते विचारा. कोयता गोणपाटात गुंडाळून डिकीत. नारळ आणि सुपारी डिकीत. पायताणं झटकून मगच पाय आत. एकदा शेजारच्या काकूंना देवळात सोडलं, तर त्यांच्या हातातल्या फुलांच्या पुडीतलं पाणी सीटवर ठिबकेल म्हणून मी पुडी स्वतःच्या मांडीवर घेऊन गाडी चालवली. काकू त्यानंतर रिक्षाने जायला लागल्या.

आणि वॉरंटीचं पुस्तक! ते मी दोनदा वाचलं, लाल पेनाने खुणा करत. ज्याने गाडी विकली त्यानेसुद्धा ते एवढं वाचलं नसेल. तीन वर्षांची वॉरंटी होती. मला वाटायचं, एवढे नियम आपण पाठ केलेत, आता काहीतरी बिघडायला हवं.

बिघडलं. दुसऱ्या वर्षी एके दिवशी गाडी पुसताना बघतो, तर ड्रायव्हरच्या सीटच्या पाठीला, बरोबर कमरेच्या उंचीवर, कापडाचे तंतू वर आलेले. महिन्याभरात तिथे भोक पडलं आणि आतला पिवळा स्पंज डोकावायला लागला.

मी बायकोला विचारलं. ती म्हणाली, “माका गाडी चालवूक येता काय? मी थंय कशाक बसतलंय?” मग मी उंदरांवर संशय घेतला. चार दिवस गाडीत पिंजरा लावला. उंदीर आला नाही. शेवटी निष्कर्ष एकच उरला. कापड हलकं. कंपनीने फसवलं. आणि हा निष्कर्ष निघाल्यावर, खोटं कशाला बोलू, मला जरा बरंच वाटलं.

इस्त्रीची पँट आणि शर्ट घालून, पुस्तक काखेत मारून म्हापशाच्या सर्व्हिस सेंटरला गेलो. काउंटरवर अस्मिता होती. पेडण्याची, तिशीतली, बोलायला गोड.

“काका, सीटची झीज वॉरंटीत येत नाही,” ती म्हणाली. “पण कापडातच दोष निघाला तर कंपनी बघेल. थांबा, आमच्या लाडूकाकांना दाखवते.”

लाडूकाका म्हणजे लाडू मेस्त्री. चोपड्याचा. माझ्याच वयाचा असेल, कानावर खडू, गळ्यात टेप. जन्मभर गाड्यांच्या सीटा शिवत आलेला. सेंटरला कुशनचं काम निघालं की त्यालाच बोलवत. त्याने गाडीचं दार उघडलं, खाली गुडघा टेकला, चष्मा काढून खिशात ठेवला आणि डोळे मिटून त्या भोकाभोवती नुसता अंगठा फिरवला. मला वाटलं, हा कापड बघतोय की नाडी?

“भाऊनू,” तो म्हणाला, “ही झीज न्हय. झीज पसारता. ह्या एकाच जाग्यार खोल गेला. हंयसर काय तरी टोचता.”

“काय टोचणार? मी काय काटे लावून बसतो?”

“ता माका काय म्हायत? पट्टो असतलो, चावयो असतल्यो.”

चाव्या काउंटरवर होत्या, तरी मी खिसे उलटे करून दाखवले. एका खिशात हातरुमाल, दुसऱ्यात देवळातला अंगारा. त्याच्यासमोर गोल फिरलो. “बघ, कुठे काय आहे?”

त्याने खरंच नीट बघितलं. मग शांतपणे म्हणाला, “आता नाय. पण गाडयेत बसताना काय तरी असता. ह्यो एक तुकडो उसवतंय, भुतूर जाड अस्तर घालतंय, वयर हेच कापड. कळूचा पण नाय. पुरी सीट बदलूची गरजच नाय. पण आदी टोचता काय ता सोदा. नायतर नवी घातलास तरी दोन म्हयन्यान तीच गत.”

“दुरुस्ती आम्ही फुकट करून देऊ काका,” अस्मिता म्हणाली.

तुम्ही असता तर काय केलं असतं? हो म्हणून चहा पिऊन घरी आला असता. पण मला ठिगळ हा शब्द दिसायला लागला. माझ्या कोऱ्या गाडीला ठिगळ? आणि वर हा टेपवाला माणूस म्हणतो, दोष तुमचाच?

“मला फुकट नको,” मी म्हणालो. “हक्काचं हवं.” वाक्य चांगलं जमलं म्हणून बोलणं तिथेच थांबवलं आणि निघालो.

त्या दुपारी मी झोपलो नाही. दोन पानी पत्र लिहिलं, थेट कंपनीच्या मुख्य कचेरीला. पुस्तकातली कलमं घातली, फोटो जोडले. आणि शेवटच्या परिच्छेदात, माझ्या मते अगदी कळस म्हणून, हे वाक्य: “आपल्या केंद्रातील कारागीर लाडू याने कापडाची परीक्षा करण्याचे ज्ञान नसल्याने सर्व दोष ग्राहकाच्या पाठीवर ढकलला, हे खेदजनक आहे.”

पाठीवर. बघा, खरं काय ते मी स्वतःच लिहून बसलो होतो. मोठ्याने वाचून बायकोला ऐकवलं.

ती भाजी चिरत होती. म्हणाली, “त्या माणसाचा नाव कित्याक घातलास?”

“नाव घातल्याशिवाय पत्राला वजन येत नाही.”

“वजन येता खरा,” ती म्हणाली, “पण पडता खंय ता बगा.” आणि भाजी फोडणीला टाकायला आत गेली.

तीन आठवड्यांनी अस्मिताचा फोन. “काका, कंपनी सीट पूर्ण बदलून देतेय.”

अहाहा! गाडी घेऊन गेलो तो मिरवत. सीट बसवायला कोणी दुसराच माणूस होता. मी सहज विचारलं, “ते लाडू मेस्त्री कुठे आहेत?”

अस्मिताने कागदातून मान वर केली नाही. “त्यांना सध्या काम देत नाहीत. मुख्य कचेरीतून विचारणा आली ना. ज्या माणसाबद्दल लेखी तक्रार आहे, त्याच्याकडून काम करून घेऊ नका म्हणाले.”

हे मला टोचलं. पण मी काय केलं सांगू? मनातल्या मनात उत्तर तयार केलं. मी कुठे लिहिलं होतं त्याचं काम काढा म्हणून? पत्रात तसा एकही शब्द नव्हता. प्रत फायलीत आहे, हवी तर बघा. असा स्वतःशीच खटला चालवून मी स्वतःला निर्दोष सोडलं आणि सर्वणला आलो.

गावात माझा भाव वधारला. भाऊंनी कंपनीकडून आख्खी सीट काढली! एकाचा मिक्सर बंद पडला होता, एकाच्या फ्रिजचं दार लागत नव्हतं. सगळे कागद घेऊन आमच्या पडवीत. मी प्रत्येकाला सांगायचो, “ते दुरुस्तीला तयार होतील. आपण ऐकायचं नाही. बदलूनच घ्यायचं.”

आणि मग दोन महिने झाले.

बरोबर दोन महिने. एका सकाळी कुळागरातून आलो, उतरलो, सीटकडे बघितलं आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. तीच जागा. तीच उंची. तसेच तंतू वर आलेले.

मी घरातून टॉवेल आणला आणि सीटला पांघरला. कोणी विचारलं तर म्हणायचो, उन्हाने रंग जातो. पण बायकोपासून काय लपणार? तिने टॉवेलचं टोक उचललं, बघितलं, परत नीट ठेवलं.

“त्या माणसान तुमका सांगलेला,” एवढंच म्हणाली.

आता तरी मी शांत बसावं की नाही? पण ज्या माणसाने गावभर भाव खाल्लाय तो शांत बसू शकत नाही. शिवाय मला एक नवीन युक्ती सुचली होती. लाडू म्हणाला होता ना, काहीतरी टोचतंय? मान्य. टोचतंयच. पण बाहेरून कशाला? आतून! सीटच्या सांगाड्यातच एखादी तार सुटली असणार, आणि ती कापड कुरतडते. आज कापडाला टोचते, उद्या माझ्या मणक्याला टोचेल. ग्राहकाच्या जिवाशी खेळ! दुसरं पत्र अडीच पानांचं झालं.

‘जीव’ हा शब्द वाचून कंपनी हलली. अस्मिताचा फोन आला. या वेळी तिच्या बोलण्यात तो गोडवा नव्हता.

“काका, पुण्याहून साहेब तपासणीला येतायत. तुमच्या घरीच येतील. सीट उघडायला लाडूकाकांना आणणार आहेत. टोचण्याचं पहिल्यांदा त्यांनीच तुमच्या गाडीच्या फॉर्मवर लिहिलं होतं, म्हणून साहेबच म्हणाले, त्यांनाच आणा.” मग जरा थांबून ती म्हणाली, “आतून तार निघाली तर लाडूकाकांचं चुकलं, असं ठरेल. मग सेंटर त्यांचं काम कायमचं बंद करणार आहे. तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगितलं.”

फोन ठेवला. म्हणजे हिशेब सरळ होता. माझं खरं ठरायचं तर त्या माणसाचं खोटं ठरायला हवं होतं. एवढी वर्षं पत्रं लिहिली, पण ज्याच्याविरुद्ध लिहिलं तो माझ्या अंगणात येणार, असं कधी झालं नव्हतं. मी तीन वेळा ठरवलं की तक्रार मागे घ्यावी. तीन वेळा ती मिक्सरवाली आणि फ्रिजवाली मंडळी डोळ्यांसमोर आली. नाही घेतली.

ते आले सकाळीच. इंजिनियर पुण्याचा, निखिल नावाचा, पस्तिशीचा, हातात फाईल. मागून लाडू, हातात पत्र्याची पेटी. मी फाईल घेऊन इस्त्रीच्या कपड्यांत तयार. लाडूकडे बघायचं मी टाळत होतो. त्यानेच हात जोडले. “बरे मां, भाऊनू?” आवाजात राग नाही, काही नाही. रागावला असता तर मला सोपं गेलं असतं.

“सध्या काय करता?” मी विचारलं. काहीतरी बोलायचं म्हणून.

“पुतण्याच्या होडयेर जातंय. जाळी शिवतंय,” तो म्हणाला. “सुई ती सुईच.”

त्याने अंगणात चटई घातली, सीट काढून त्यावर ठेवली आणि टाके उसवले. कापड दूर केलं, स्पंज काढला, सांगाडा उघडा केला. निखिलने बॅटरी लावून इंच न् इंच बघितला. हात फिरवला. तार नाही, टोक नाही, काही नाही. आतून सीट नव्या नवरीसारखी.

लाडूने सगळं परत जसंच्या तसं बसवलं. निखिल म्हणाला, “काका, आत दोष नाही. आता एकच करू. तुम्ही गाडी रोज कशी वापरता ते मला दाखवा. अगदी रोजच्यासारखं. काही बदलायचं नाही.”

“रोज मी कुळागरात जातो.”

“मग चला.”

“या कपड्यांत नाही जात.”

“मग ते कपडे घाला. रोजच्यासारखं म्हटलं ना.”

मी आत गेलो. चड्डी चढवली, शर्ट घातला, पंचा गुंडाळला. बाहेर आलो, कोयता गोणपाटात गुंडाळून डिकीत ठेवला. म्हटलं, बघ लेका, किती जपतो. गाडीचं दार उघडलं, पायताणं झटकली आणि बसायला वाकलो.

“काका, एक मिनिट,” निखिल म्हणाला. “तुमच्या पाठीला ते काय आहे?”

“कुठे काय आहे?”

“मागे. कमरेला.”

मी मान वळवून बघितलं. काही दिसेना. बायकोला विचारलं, “काय गो, माझ्या पाठीला काय लागलंय?”

ती पडवीतून खाली उतरली, माझ्या मागे गेली, बघितलं. “काय नाय.”

“लाडू, तू बघ रे.”

लाडूने चष्मा लावला, जवळ आला, वरून खालपर्यंत बघितलं. “काय नाय, सायबानू. साफ असा.”

निखिल बिचारा आमच्या तिघांच्या तोंडाकडे बघायला लागला. त्याला वाटलं असेल, हे गोव्याचे लोक सकाळीच घेऊन बसतात की काय. मग तो पुढे आला आणि माझ्या कमरेमागे बोटाने वाजवलं.

टक टक.

“हे,” तो म्हणाला. “हे लाकडी. याला लोखंडाचं टोक आहे.”

“ही?” मी म्हणालो. “ही आकडी.”



आता तुमच्यात कोणी घाटावरचं असेल तर सांगतो. कमरेला दोरी बांधायची, त्या दोरीत मागच्या बाजूला लाकडाचा एक ठोकळा, त्याला लोखंडी आकडा. कोयता त्यात अडकवला की दोन्ही हात मोकळे. माडावर चढणारा बांधतो, कुळागरात राबणारा बांधतो. माझ्या वडिलांच्या कमरेला होती, आजोबांच्या होती. मी रोज ती बांधून गाडीत बसत होतो. कोयता आठवणीने डिकीत ठेवायचो, कारण कोयत्याने सीट फाटेल ना! आणि आकडी सीटमध्ये रुतवून, मागे रेलून, आरामात गाडी चालवायचो. मला ती कधी टोचली नाही. आम्ही आकडीकडे वस्तू म्हणून बघतच नाही. ती आमच्या कमरेचंच हाड आहे.

सगळ्यात आधी लाडूला कळलं. त्याने कपाळाला हात लावला. “आवशीच्यान! माका तरी कशी दिसतली ती? घराक इलंय की माझ्याच कमराक असता.”

हसू की रडू ते कळेना. हा माणूस पहिल्या दिवशी डोळे मिटून खरं बोलला होता. मी डोळे उघडे ठेवून, चष्मा लावून, दोनदा वॉरंटी वाचून, त्याला खोटा ठरवला होता. आणि तो गेले काही महिने दुसऱ्याच्या होडीवर जाळी शिवत होता.

निखिल भला माणूस. म्हणाला, “काका, मी रिपोर्टमध्ये ‘बाहेरील वस्तूमुळे’ एवढंच लिहितो. तुमचं नाव घालत नाही.”

“घाला,” मी म्हणालो. “नाव घातल्याशिवाय वजन येत नाही.” बायकोने माझ्याकडे बघितलं. पहिल्यांदाच त्या सकाळी तिच्या नजरेत माझ्याबद्दल जरा बरं काहीतरी होतं.

“आणि थांबा,” मी म्हणालो. “मीही लिहून देतो.”

कागद घेतला, पडवीत बसलो. आणि काय सांगू, लेखणी हलेना. ‘कारणे दाखवा’ लिहिणाऱ्या हाताला ‘माझं चुकलं’ लिहायचं वळणच नव्हतं. ‘सदरहू प्रकरणी’ लिहिलं, खोडलं. ‘गैरसमजातून’ लिहिलं, तेही खोडलं. गैरसमज कसला? माणूस तोंडावर खरं सांगत होता. शेवटी कशाबशा चार ओळी झाल्या. सीट मी फाडली. माझ्या कमरेच्या आकडीने फाडली. लाडू मेस्त्री यांनी हे पहिल्या दिवशीच ओळखलं होतं. त्यांच्याविषयी मी लिहिलेलं वाक्य खोटं होतं, आणि त्यांचं काम त्यांना परत मिळावं.

वाचून दाखवलं. लाडूने मान डोलावली. “बरा झाला, भाऊनू. पयल्यापेक्षा आखूड असा.”

निखिलने तो कागद फायलीत ठेवला आणि तिथूनच सेंटरला फोन लावला. अस्मिताचा आवाज फोनबाहेर मलाही ऐकू आला. ती हसत होती. हसू दे. लाडूला सोमवारपासून कामावर बोलावलं, तेवढं मी कान देऊन ऐकलं.

निखिल गेला. लाडू थांबला. पेटी उघडून विचारलं, “काय करू, भाऊनू? बदलतास की दुरुस्त?”

“दुरुस्त करा, लाडूबाब,” मी म्हणालो. सकाळी त्याला लाडू म्हणत होतो ते माझ्या लक्षात आलं, आणि त्याच्याही आलं असावं. त्याने तो एक तुकडा उसवला, आत जाड अस्तर घातलं, वर कापड. तासाभरात काम झालं. जवळून बघितलं तर ठिगळ दिसतं. मी ते रोज बघतो, आणि बघून मगच गाडी सुरू करतो. आकडी मी तेव्हाच कमरेची सोडली, ती आता पडवीतल्या खिळ्याला असते. कुळागरात पोचल्यावर बांधायची म्हणून डिकीत टाकतो, कोयत्याच्या शेजारी.

गोष्ट इथे संपली असती तर किती बरं झालं असतं!

बायकोने लाडूबाबला चहाला आत बोलावलं. उंडे, म्हणजे आमच्याकडचे गोल पाव, गरम केले होते. तो सोफ्यावर बसला, नेमका त्या कोपऱ्यात जिथे मी रोज कुळागरातून आल्या आल्या बसतो. पाठ टेकली. बायकोने सोफ्याच्या पाठीवर क्रोशाचा रुमाल घातला होता, तो सरकला. लाडूबाबने चहाचा कप खाली ठेवला. धंद्याचा माणूस तो, हात गप्प राहतो का? वळला, डोळे मिटले आणि अंगठा फिरवला. अंगठा कापडातून आत गेला.

“भाऊनू,” तो म्हणाला, “ह्यो सोफो कोणी केल्लो?”

डिचोलीच्या फर्निचरवाल्याने. तोच, ज्याला मी पत्र लिहिलं होतं. एक नाही, दोन. हलकं कापड वापरून ग्राहकाची फसवणूक केल्याबद्दल. बिचाऱ्याने दोनदा येऊन कापड बदललं, आणि तिसऱ्यांदा निरोप पाठवला, भाऊंनी यापुढे माझ्याकडून काही घेऊ नये. बाजारात समोर आला तर रस्ता ओलांडतो. मी समजत होतो, तो मला लाजतो.

मी लाडूबाबकडे बघितलं. तो चहात उंडा बुडवत होता, अगदी लक्ष देऊन. मी बायकोकडे बघितलं. ती दारातून पडवीतल्या खिळ्यावरच्या आकडीकडे बघत होती. मी उठलो. सवयीने आधी मागे हात नेऊन कमर चाचपली. मग टेबलाचा खण ओढून एक कोरा कागद काढला.

“एक कागद कित्याक?” बायको म्हणाली. “वहीच काढा.”